तीनच्या डावातली शेवंती

अक्का, तुझं सुतक चालू असताना मी लुडो खेळायला बसले, हे आधी सांगून टाकते. तुझ्यापासून लपवून आता काय मिळणार आहे. नववा दिवस होता. दुपारचे तीन वाजलेले, माणसं जेवून पांगलेली, आणि तुझ्या बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून मी एकटीच बसले होते. तीन वाजले की माझा हात आपोआप फोनकडं जातो, तुला माहीत आहे. मी खेळ उघडला आणि शेवंतीला बोलावणं धाडलं.

तुझ्या फोटोशेजारी ठेवलेला तुझा फोन वाजला.

दीपा हात पुसत आतून आली. तुझी ही लेक तुझ्या आजारपणात सांगलीचा संसार सोडून इथं येऊन राहिली होती, आणि अजून कुणाकुणाचे फोन येतात म्हणून तिनं तुझा फोन चार्ज करून ठेवला होता. तिनं तो हातात घेतला, बघितला आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "काकू, तुम्हीच बोलावलंय." तिनं पडदा माझ्याकडं वळवला. वर माझं खेळातलं नाव, भवानी. खाली पिवळ्या फुलाचं चित्र आणि नाव, शेवंती.

रडू नंतर आलं. आधी आला तो राग, आणि तोही तुझाच. अगं बाई, चार महिने माझ्यासमोर बसून खेळलीस आणि एका शब्दानं बोलली नाहीस? रविवारच्या रविवारी मी तुझ्या घरी येत होते, तेव्हा कानात सांगितलं असतंस तर काय बिघडत होतं? मनातल्या मनात मी तुझ्याशी चांगलं कडाकडा भांडले. मग शेवंतीला मी काय काय बोलले होते ते आठवायला लागलं, आणि माझं भांडण तिथंच बसलं.

शेवंती हळू खेळायची. फासा टाकायला वेळ, सोंगटी सरकवायला वेळ. प्रत्येकाला ठरलेले सेकंद मिळतात, तो गोल संपत आला तरी हिचं बोट येईना. कधी कधी तिची पाळी तशीच निघून जायची. समोरचा हळू असला की माझं डोकं फिरतं. मी माइक चालू करायची आणि सुटायची. आंधळी हायस का, झोपलीस का, घरात कुणी विचारत न्हाय म्हणून हितं आलीस का. ती कधी उलटून बोलली नाही. तिचा माइक कायम बंद. फार तर हात जोडल्याचं चित्र धाडायची, आणि दुसऱ्या दिवशी तीनला परत हजर. मला वाटायचं, काय निर्लज्ज बाई आहे.

भवानी म्हणजे मी, हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यात शंकाच नाही, ते नाव मी तुझ्यासमोरच घेतलं होतं. मला कळायला हवं होतं ते दुसरंच. ठाऊक असून रोज शिव्या खायला आलीस कशाला? माझी परीक्षा बघायला? मला एक दिवस पकडायला? की सगळं मनात धरून गेलीस? त्या नवव्या दिवशी मला छळलं ते या एका प्रश्नानं.

आपण दोघी जावा. लोकांसमोर मी तुला 'अहो अक्का' म्हणायची आणि दोघीच असलो की 'अगं'. आज अगंच म्हणते, तिसरं कोण ऐकतंय. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तू सात वर्षांची जुनी होतीस. माझं तोंड तेव्हाही असंच. सासूबाईंशी माझी जुंपली की तू स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायचीस, रिकामाच, म्हणजे गल्लीत ऐकू जाऊ नये. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, थोरलीला चटण्यांचं काय वेड आहे बघा, वेळ नाही काळ नाही. आपण त्यावर किती दिवस हसत होतो.

पुढं घरं वेगळी झाली. तू साने गुरुजी वसाहतीत, मी मंगळवार पेठेतच राहिले. बालवाडीतनं तू रिटायर झालीस, दीपा लग्न होऊन गेली, आणि घर खायला उठतंय म्हणायला लागलीस. तेव्हा दीपानंच आपल्या दोघींच्या फोनवर लुडो घालून दिला. माझं शिलाईचं मशीन तीन ते चार बंद असतं, म्हणून वेळ ठरली तीनची. तू आणि मी एका बाजूला, समोर कुणीही दोघं अनोळखी. तुला खेळ यथातथाच यायचा, पण सहा पडला की तू लहान मुलीसारखी खूश व्हायचीस.

पहिल्याच आठवड्यात मी तुझ्याकडं ब्लाउजचं माप घ्यायला आले होते आणि आपण शेजारी शेजारी बसून खेळत होतो. तू कुणाची तरी सोंगटी मारलीस आणि तो गडी माइकवरनं तुझ्या आईबहिणीवर उतरला. आवाजावरनं विशीतला वाटत होता. तुझ्या अर्ध्या वयाचा पोरगा, आणि तुला म्हणजे कुणाला, त्याच्यासारख्या शेकडो पोरांची नाकं पुसलेल्या बाईला. तू फोन हातभर लांब धरलास. मग मी तोंड सोडलं. त्याच्या सात पिढ्या खाली आणल्या. तो डाव टाकून पळाला आणि आपण दोघी पोट धरून हसलो. तूही हसलीस, अक्का. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतरच्या भांडणात तू हे कधी कबूल केलं नाहीस. माझी सुरुवात तुझ्यासाठी झाली होती.

पण मला त्याची चटक लागली. दिवसभर मी गिऱ्हाइकांचं ऐकते. बाही आखूड झाली, गळा मोठा झाला, मागच्या खेपेला बरा शिवला होता. सगळं हसऱ्या तोंडानं ऐकायचं, नाहीतर बाई दुसरीकडं जाते. घरात माझ्या बोलण्याकडं पंख्याच्या आवाजाइतकंसुद्धा कुणाचं लक्ष नसतं. आणि इथं एक वाक्य टाकलं की समोरचा गपगार. कोण आहे, कुठली आहे, काही बघायला नको. पुढं पुढं मला आधी कुणी शिवी द्यायचीही गरज उरली नाही. हळू खेळलं म्हणून बोलायचं, माझी सोंगटी मारली म्हणून बोलायचं, आणि मी जिंकले तरी जाता जाता टोमणा हाणायचाच. तिथं सगळेच तसं बोलतात. मी त्यांच्यापेक्षा जरा बरं बोलत होते एवढंच.

आपलं बिनसलं ते गेल्या पंचमीच्या आठवड्यात. समोर एक बाई होती, बारीक आवाजाची, आणि तिच्या मागं तान्हं पोर रडत होतं. तिची पाळी दोनदा निघून गेली. मी माइकवर म्हटलं, पोरगं सांभाळायला येत न्हाय आणि लुडो खेळतीया, असल्या आईपेक्षा नसलेली बरी. मग ती रडायला लागली. माइक बंद करायचं तिला सुचलं नाही, त्यामुळं दोघांचंही रडणं ऐकू येत राहिलं. मग ती खेळातनं गेली. आपण जिंकलो म्हणून मी तुला फोन केला. तू 'सुमे' म्हणालीस. एरवी तू मला सुमन म्हणतेस.

मी माझी बाजू मांडली. आपल्या कोल्हापुरात शिवी दिल्याशिवाय आपलेपणा कळतो का? जेवायला बोलावताना शिवी, निरोप देताना शिवी. आणि पंचमीला फेर धरतो तेव्हा काय? फुगडी घालताना बायका एकमेकींच्या सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतात. गौरीच्या जागराला तूच माझ्या माहेरच्या कंजूषपणावर गाणं रचून म्हटलं होतंस आणि मी भावोजींच्या ढेरीवर. तेव्हा कोण रडलं होतं?

"फुगडीत हात धरलेला असतोय गं," तू म्हणालीस. "सोडला तर दोघीबी पडतात. म्हणून तिथलं लागत न्हाय. हितं तू कुणाचा हात धरलायस?"

माझा आवाज चढला. तुझी बालवाडी सुटली आता, मला शिकवू नको, असं मी म्हणाले. तू म्हणालीस, तोंड सुधारेपर्यंत मी तुझ्यासंगं खेळणार न्हाय. नको खेळूस जा, म्हणून मी तुझं नाव माझ्या यादीतनं काढून टाकलं. तू शब्दाची पक्की आणि मी अडेलतट्टू. ते भांडण तिथंच अर्धं राहिलं. खरं सांगू, मला तुझं अजून सगळं पटलेलं नाही. तोंडात कधी शिवी न आलेली आणि गोड बोलून केसानं गळा कापणारी माणसं मी याच घरात बघितलीत, तूही बघितलीस. शिवी म्हणजे पाप, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

दिवाळीनंतर तुझं दुखणं निघालं आणि हे सगळं मागं पडलं. मी दर रविवारी डबा घेऊन यायला लागले. औषधांनी तुझं तोंड आलेलं, तिखटाचा कण चालत नव्हता. कोल्हापुरात जन्म काढून बिनतिखटाची आमटी करायला मला तुझ्यामुळं शिकावं लागलं, आणि तूही ती डोळे मिटून गिळायचीस आणि छान झालीय म्हणायचीस. मग तुझ्या हातापायाची बोटं बधिर झाली. हुक लावता येईनात म्हणून तुझे चार ब्लाउज मी उसवले आणि पुढं वेल्क्रोची पट्टी लावून दिली. एकदा मी जपून खेळाचं विचारलं. सोडला की, तू म्हणालीस, बोटं कुठं चालतात आता. मी म्हटलं, बरं झालं, डोळ्यांना तरी आराम.

त्याच सुमाराला कुणा शेवंतीनं मला मैत्रीची विनंती धाडली होती. हे नाव आणि चित्र मी आधी कधी बघितलं नव्हतं, पण मी कुणालाही घेते, हिलाही घेतलं.

आता हिशोब लागतो सगळा. रविवारी मी तुझ्या बोटांना तेल चोळत होते आणि सोमवारी तीन वाजता त्याच बोटांना शिव्या घालत होते. रविवारी तू मला विचारायचीस, दुपारी काय करतीस, झोपतीस का जरा? मी म्हणायची, कुठली झोप, एक खुळी बाई येते खेळायला, डोकं खाती माझं. तू हसायचीस. दीपा मात्र मी आले की उठून आत जायची. मला वाटायचं, पोरगी दमली असेल.

एक दिवस तर मी कळसच केला. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली, माझ्याकडं तीन दिवस पावणे राहून गेले होते, भांड्यांचा ढीग पडला होता आणि माझं अंग आंबून गेलं होतं. तीन वाजता शेवंती समोर. तिला एक घर पुढं सरकायचं होतं, एकच, आणि ते होईना. मी म्हटलं, "म्हातारे, लाकडं गेली की तुझी म्हसणात, आता तरी हल." त्यावर हात जोडल्याचं चित्र आलं नाही. डाव अर्ध्यावर राहिला. मी म्हटलं, चला, पीडा गेली. दुसऱ्या दिवशी तीनला ती परत आली.

शेवटच्या तीन आठवड्यांत तुला दवाखान्यात ठेवलं तेव्हा शेवंतीही यायची बंद झाली, आणि माझ्या डोक्यात तरीसुद्धा प्रकाश पडला नाही. एका दुपारी तुला झोप लागली म्हणून मी तुझ्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसले होते. करमत नव्हतं. मी शेवंतीला लिहिलं, जित्ती हायस का? मध्ये एक भिंत होती, अक्का. ते तू उघडलंच नव्हतंस, हे दीपानं मला फोनमध्ये दाखवलं. देवानं तेवढी तरी दया केली. रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर आले तेव्हा हे काहीच मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी सगळ्यांच्या देखत मोकळेपणानं रडू शकले. आता रडायचं म्हटलं तरी लाज वाटते.

तर त्या दिवशी दीपा फोन घेऊन उभी होती, आणि मी तिला सरळ विचारलं. तुझ्या आईला सगळं माहीत होतं, मग ती येत का होती? माझ्याबद्दल मनात धरून गेली का? दीपा माझ्याशेजारी खाली बसली. तिनं आधी आपलं सांगितलं. तुमचा मला लई राग आला होता काकू, म्हणाली. तुम्ही डबा घेऊन यायचात आणि आईच्या उशाशी बसायचात, ते मला बघवायचं नाही. तुमचं सगळं मी ऐकलेलं होतं, आईला ऐकू कमी यायचं म्हणून फोनचा आवाज मोठा असायचा. मग तिनं फोनमधली एक यादी उघडली. तुला घाण बोललेल्या सगळ्यांना तू त्या यादीत घालून कायमचं बंद केलं होतंस. बालवाडीचा कारभार तुझा, त्यात चुकून कुणी सुटलेलं नसणार. भवानी त्या यादीत नव्हती.

दीपानं दोनदा माझं नाव त्यात घालायला घेतलं होतं. दोन्ही वेळा तू फोन काढून घेतलास. दुसऱ्या वेळी तू काय म्हणालीस ते तिनं मला सांगितलं, तुझ्याच बोलीत, अगदी तुझ्यासारखं थांबत थांबत.

"मला ठाऊक हाय ती कोण हाय. सुमी मनानं वाईट न्हाय. पर तिला हितनं काढली, तर तीनच्या टायमाला ती दुसऱ्या कुणावर तरी तोंड टाकंल. त्या बाईला कुठलं ठाऊक असणार, ही मनानं वाईट न्हाय म्हणून? बालवाडीत एकादं पोरगं चावरं असलं, तर त्याला बाईनं आपल्याशेजारी बसवायचं असतंय."

म्हणजे तू खेळायला येतच नव्हतीस. मला तासभर अडवून धरायला येत होतीस. केमोचे दिवस सोडले तर रोज, ती बधिर बोटं घेऊन.

लाकडांचं बोलले त्या दिवशी काय झालं, हेही मी विचारलं. दीपा सांगायला तयार नव्हती. मी सोडलं नाही. तेव्हा म्हणाली, त्या दिवशी आईनं चहा घेतला नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी पावणेतीनला आपणहून उठून बसली आणि फोन दे म्हणाली.

म्हणजे लागलं होतं तुला. ओळख असली की लागत नाही, हा तुझा हिशोब तुझ्याच बाबतीत चुकला. माझं चुकलं, अक्का. मी हे दीपाच्या समोर म्हटलं, तिचे हात धरून म्हटलं, आणि तिनं हात सोडवून घेतले नाहीत. तू मनात धरून गेली नाहीस हे आता मला कळलं, आणि त्यासाठी तुझे उपकार मानावेत तर तेवढी माझी लायकी नाही. तरी मानते. तुझ्याशी भांडायला आता कोण आहे मला.

लुडो मी अजून काढून टाकलेला नाही. काल तीन वाजता उघडला आणि ज्यांच्या ज्यांच्याशी खेळले त्यांची यादी बघत बसले. देवांची चित्रं, नटांची चित्रं, फुलं, कुणाची नातवंडं. तू शेवंती होऊन येण्याआधी अडीच वर्षं मी रोज यांच्यातल्या कुणाला ना कुणाला बोलले आहे. कोण कुठल्या खाटेवरनं खेळत होतं, कुणाची बोटं चालत नव्हती, ती तान्ह्या पोराची आई कुठल्या गावची, मला काहीच माहीत नाही. आणि मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. मी मनानं वाईट नाही, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. त्यांनी फक्त माझं बोलणं ऐकलं.